आपलं जुनेर

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळहून दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड अशा कोणत्याही रस्त्याला लागा. दोन्ही अंगांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली असते आणि तिच्या ओळींत बाया वाकलेल्या दिसतात. डोक्याला दुपट्टा घट्ट आवळलेला, कमरेला जुन्या पातळाची ओटी बांधलेली आणि नेसत्या साडीवरून चढवलेला पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. शर्ट बहुधा नवऱ्याचा असतो, नाहीतर मुलाचा. कॉलर विरलेली, खिसा उसवून पुन्हा टाचलेला, पाच बटणांतली दोन वेगळ्या रंगाची. हा शर्ट कोणी हौसेनं घालत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं मनगटाला ओरखडतात, कार्तिकातलं ऊनही दुपारी चांगलंच भाजतं आणि मजुरी किलोवर असल्यानं हात थांबवून चालत नाही. घरातलं हाताशी असलेलं जाड, मऊ, बाह्यांचं कापड म्हणजे घरधन्याचा जुना शर्ट, म्हणून तो अंगावर येतो.

याच जिल्ह्यात अशीही घरं आहेत, जिथे शर्टाचा धनी राहिलेला नाही आणि शर्ट मात्र दर हंगामात वेचणीला जातो. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या दिवसाच्या आठवणीत दरवर्षी १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या वर्षांत किती घरांत खुंटीवरचा शर्ट मागे राहिला, हे यवतमाळकरांना सांगायला नको. त्या घरची बाई तो शर्ट पेटीत घालून जपत बसत नाही. ती तो धुते, उसवलेलं शिवते आणि वेचणीला घालून जाते. तिला तसं करणं भाग आहे हे खरं. तरीही तिच्या करण्यात असं काही आहे, जे भरलेली कपाटं असलेल्या आपल्यासारख्यांना शिकण्यासारखं आहे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. जुन्या कपड्यात आठवण साठते ती वापरामुळे, आणि टिकते तीही वापरामुळेच. पण हे खरं ठरतं फक्त आपल्या स्वतःच्या जुन्या कपड्याबाबत. दुसऱ्याचं टाकलेलं जुनं अंगावर घालावं लागणं ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. या दोन जुनेपणांत आपण गल्लत करतो. म्हणून कधी आपल्या चांगल्या जुन्या कपड्याची लाज वाटते, तर कधी दुसऱ्याच्या अंगावर आपलं फाटकं टाकताना पुण्य केल्यासारखं वाटतं.

जुना सुती कपडा अंगाला बरा का वाटतो, याचं उत्तर आधी कापडातच शोधायला हवं. नव्या कापडात खळ असते, सूत ताणलेलं असतं, पीळ घट्ट असतो. पहिल्या काही धुण्यांत खळ निघते. मग पीळ सैलावतो, धाग्याच्या पृष्ठभागावरचे तंतू मोकळे होतात आणि कापडाला ती ओळखीची लव येते. कापसाचा तंतू ओला झाला की कमजोर होण्याऐवजी अधिक बळकट होतो. म्हणून तर नदीवरच्या दगडावर आपटून धुतलेलं धोतर वर्षानुवर्षं टिकायचं. साध्या दमट हवेतही कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम टिपणारं कापड आणि घाम अंगावरच ठेवणारं कापड यांतला फरक विदर्भातल्या मे महिन्यात पाठीला कळतो, त्याला पुस्तक लागत नाही.

कापड मऊ होत जातं तसं ते माणसाचं होत जातं. कोपराला बाही फुगते, ओझं वाहणाऱ्या खांद्यावर वीण विरळ होते, विडी-काडीचा खिसा खाली ओढला जातो. डावखुऱ्या माणसाच्या शर्टाची डावी बाही आधी विरते. पूर्वी गावचा शिंपी झिजलेली कॉलर उसवून उलटी लावून द्यायचा आणि शर्टाला आणखी दोन-तीन वर्षं मिळायची. असा शर्ट हातात घेतला की तो घालणारा माणूस कसा उभा राहायचा, कोणत्या हातानं काम करायचा, कुठे ओझं घ्यायचा, हे डोळ्यांपुढे येतं. फोटोत चेहरा उरतो, पण कष्टाची खूण कापडावरच उरते. शेतमजुराच्या घरात फोटो एखादाच असतो आणि तोही बहुधा आधार कार्डावरचा. अशा घरात तो शर्ट हाच त्या माणसाचा सर्वांत खरा पुरावा असतो.

म्हणूनच आपल्याकडे कपड्याला एकच आयुष्य नसायचं. आमच्या आजीचं नऊवारी लुगडं आधी लग्नकार्याचं असायचं, मग नेहमीच्या नेसण्याचं व्हायचं आणि विरलं की रानातलं. पुढे त्याचे दोन भाग होत. धड भाग वाकळीत जायचा. आमच्याकडे तिला वाकय म्हणत. उरलेल्याची बाळाची चिरगुटं व्हायची. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा नव्या कापडात न घालता जुन्यात गुंडाळायचं, ही रीत अजूनही पुष्कळ घरांत पाळली जाते. तिच्यामागची समजूत काहीही असो, अनुभव साधा आहे. नवं कापड बाळाच्या कातडीला काचतं आणि आजीच्या लुगड्याइतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही. चिरगुटं फाटली की फडकं, फडकं झिजलं की पोतेरं, आणि धड चिंधी हाती लागली तर दिव्याची वात. कापूस शेतातून घरात यायचा आणि अनेक जन्म घेऊन राखेत, मातीत जायचा. वाया काही जात नसे.

वाकळ शिवताना मी आजीच्या शेजारी बसत असे. खाली मोठं लुगडं ताणून अंथरायचं, वर धोतराचे, बंडीचे, परकराचे तुकडे बसवायचे, चारी कडांना मोठा धावदोरा घालून घ्यायचा आणि मग कडेकडेनं आत यायचं. एकामागून एक चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, शेवटी मधोमध एक टीचभर जागा उरायची. टाके सारखे पडावेत म्हणून ती डाव्या हाताच्या अंगठ्यानं कापड दाबून धरी. शिवता शिवता बोलायची: हा तुकडा तुझ्या आबाच्या धोतराचा, पहिल्या जोडीचे बैल घेतले तेव्हाचा, हा तुझ्या आत्याच्या परकराचा, हा माझ्या मायच्या लुगड्याचा काठ. ज्या माणसांना मी पाहिलंही नव्हतं, त्यांची माझी ओळख अशी अंथरुणातून झाली. वंशावळ लिहून ठेवण्याची सोय नसलेल्या घरात बायकांनी ती शिवून ठेवली. ती कोणाला दाखवण्यासाठी नव्हती. रात्री अंगावर ओढून झोपण्यासाठी होती, आणि म्हणूनच ती रोज वाचली गेली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. जुन्या कपड्याचं हे कौतुक म्हणजे गरिबीला फुलं वाहणं नाही का? ज्यांना नवं मिळालंच नाही, त्यांच्या ठिगळांवर आपण भावुक व्हायचं?

हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही, कारण या देशात जुनं कापड ही काही लोकांवर लादलेली शिक्षा होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं ल्यावीत असा नियमच घालून दिला आहे. गावगाड्यातही प्रेतावरचं कापड कोणी घ्यायचं, हे जातीनं ठरलेलं होतं. दुसऱ्याच्या मरणातून आणि दुसऱ्याच्या टाकण्यातून मिळालेलं कापड वर्षानुवर्षं अंगावर वागवणाऱ्या समाजाला जुन्या कपड्याची महती सांगणं हा उद्धटपणा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत जमलेल्या स्त्रियांना वेगळं भाषण केलं, तेव्हा लुगडं नेसण्याच्या पद्धतीवर आणि अंगावरच्या दागिन्यांवर ते मुद्दाम बोलले. पेहरावावरून अस्पृश्यता ओळखू येते, ती खूण पुसून टाका, असा त्यांचा रोख होता, आणि जमलेल्या बायांनी नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. पण त्याच भाषणातला दुसरा भाग आपण विसरतो. कपड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, तो स्वच्छ असला पाहिजे, असंही त्यांनी सांगितलं होतं. ठिगळाला त्यांचा विरोध नव्हता. कोणी काय नेसावं हे दुसऱ्यानं ठरवण्याला होता.

याच वऱ्हाडानं दुसरं टोकही पाहिलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांचं वस्त्र ल्यायले. धर्मशाळा, शाळा, गोरक्षणाच्या संस्था उभ्या केल्या, लाखोंच्या देणग्या हातावरून गेल्या, पण अंगावरचं ठिगळ बदललं नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी त्याच्या कितीतरी आधी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत, अंगावरचा पुरा पेहराव उतरवून पंचा पत्करला. बाबासाहेबांचा सूट आणि गाडगेबाबांच्या चिंध्या यांची तुलना करून एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवण्याची सवय आपल्याला आहे. मला दोन्ही एकाच न्यायाचे वाटतात. ज्यांना फाटकंच घालायला लावलं होतं, त्यांनी नीटनेटका सूट घालून हक्क बजावला. ज्यांना नवं घालता आलं असतं, त्यांनी ते नाकारून आपली जागा ठरवली. दोघांनीही आपलं कापड आपण निवडलं. जुन्या कपड्याच्या प्रतिष्ठेची कसोटी हीच: निवड कोणाची?

ही कसोटी आजच्या दानधर्माला लावून पाहा. दिवाळी आली की आवराआवर होते आणि जुने कपडे 'गरिबांना' द्यायला निघतात. गेल्या काही वर्षांत गावोगावी 'माणुसकीच्या भिंती' उभ्या राहिल्या. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या, अशी त्यांची रीत. कल्पना चांगली आहे, आणि देणारा-घेणारा समोरासमोर येत नाहीत हे त्यातलं सर्वांत चांगलं. पण त्या भिंतीवर काय टांगलेलं असतं ते जवळ जाऊन पाहावं: बटणं तुटलेले शर्ट, चेन बिघडलेल्या पँटी, एका धुण्यालाही न पोचलेले मळके स्वेटर. ज्याला आपण हात लावणार नाही ते दुसऱ्यानं अंगाला लावावं, अशी ही अपेक्षा असते. कपड्यात आपली आठवण असते असं आपण म्हणतो, पण त्या भिंतीवरच्या शर्टात घेणाऱ्याची कसली आठवण? त्याच्या वाट्याला येतो तो फक्त दुसऱ्याचा घाम. देऊ नये असं मी म्हणत नाही. द्यावं, पण धुऊन, बटण लावून, इस्त्री करून, आणि जे आपण स्वतः आणखी वर्षभर घातलं असतं असंच द्यावं. घरोघर फिरून कपड्यांवर भांडी देणारी बाई या बाबतीत आपल्यापेक्षा सचोटीची असते. ती कपडा उजेडात धरते, शिवण ओढून पाहते, विरलेला असेल तर परत करते. तिच्या दृष्टीनं कपड्याला किंमत आहे, म्हणून ती तो पारखते.

आता कापसाच्या जिल्ह्याचं कापसाशीच काय झालं, त्याकडे वळू. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची 'शकुंतला' रेल्वे आली तीही मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी. तेव्हापासून इथला कापूस बाहेर जातो आणि कापड बाहेरून येतं. पण सत्तरच्या दशकानंतर येणाऱ्या कापडातून कापूसच कमी होत गेला. आधी टेरिलीन आलं, मग टेरिकॉट, मग निखळ पॉलिएस्टरच्या साड्या. आज पऱ्हाटीत वाकलेल्या बाईच्या अंगावरची साडी बहुतेक वेळा खनिज तेलापासून निघालेल्या धाग्याची असते. तिला मी नावं ठेवत नाही. ती साडी स्वस्त आहे, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही, रंग सोडत नाही. दिवसभर रानात आणि संध्याकाळी चुलीपुढे असणाऱ्या बाईला हे चारही गुण हवेसे असणारच.

तरी हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. एक क्विंटल कापसातून सरकी वजा जाता साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. सूतकताईतली घट धरली तरी एवढ्या रुईत शंभराहून अधिक सुती शर्टांचं कापड होतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे हमीभाव पुरता मिळाला, तरी एका शर्टामागे कापूस पिकवणाऱ्याच्या हाती शंभर रुपयेही पडत नाहीत. तोच शर्ट दुकानात आठशे-हजाराला मिळतो, म्हणून तो पिकवणाऱ्याला परवडत नाही आणि तो पॉलिएस्टरचा घेतो. पॉलिएस्टर फाटतं, त्याचे गोळे होतात, पण ते सुती कापडासारखं मऊ होत नाही. त्यात बाळाला गुंडाळता येत नाही. त्याची वाकळ ऊब देण्याऐवजी घामेजते आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. जुनं होण्याचं सुख ज्या कापडात आहे, तेच कापड पिकवणाऱ्याच्या घरातून गेलं. आठवणींच्या गोष्टी करताना हे नुकसान आपण मोजत नाही. चांगलं जुनं होईल असं कापड घेता येणं हीसुद्धा ऐपत आहे, आणि ती कापूसवाल्याकडे नसावी याची चीड यायला हवी.

उलट बाजूला पाहा. यवतमाळलगतच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचं कापड विणलं जातं. डेनिममध्ये निळीचा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरावरच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून जिथे घडी पडते, गुडघा घासतो, तिथला निळा निघून पांढरं दिसू लागतं. वापरणाऱ्याच्या चालण्या-बसण्याचा नकाशा त्या पँटीवर उमटतो. जुन्या जीन्सची मोहिनी खरी आहे, कारण तो नकाशा कमावलेला असतो. जगाच्या बाजाराला मात्र तेवढा धीर नाही. नवी पँटच जुनी करून विकली जाते. दगडांसोबत धुऊन, रसायनं वापरून, कधी वाळूचा मारा करून तिला कृत्रिम झीज आणतात. तुर्कस्तानात या वाळूच्या माऱ्यानं तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिका साचून सिलिकोसिस झाला, माणसं दगावली आणि २००९ मध्ये तिथल्या सरकारला त्या पद्धतीवर बंदी घालावी लागली. कोणीतरी पहिल्या दिवसापासून जुनी दिसणारी पँट घालावी म्हणून दुसऱ्या कोणाचे श्वास खर्ची पडले. दहा वर्षं कष्ट करून जी झीज येते ती दहा मिनिटांत विकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाचा वेश घालणं. गुडघ्यावर फाडलेली पँट गावातल्या म्हाताऱ्यांना खटकते, तेव्हा त्यांना मागासलेलं म्हणू नये. फाटकं लपवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ते दुखणारच.

जुन्या कपड्याची बाजू घेताना त्याची मर्यादाही सांगायला हवी, आणि यवतमाळात ती सांगितल्यावाचून लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच येत होता, औषधं एकत्र कालवली जात होती. आणि बहुतेकांच्या अंगावर होता तो घरातला जुना शर्ट. 'फवारणीचा शर्ट' म्हणून घरोघरी एक शर्ट वेगळा काढलेला असतो, तो सर्वांत जुना. घाम टिपण्याचा सुती कापडाचा गुण इथे वैरी होतो: कापड विष पितं आणि ओलं होऊन दिवसभर कातडीला धरून राहतं. संध्याकाळी तोच शर्ट घरच्या कपड्यांत धुतला जातो. रानात जाताना घरचं कोणीतरी सोबत असल्याचा दिलासा जुना शर्ट देतो, पण विषापासून राखण्याची ताकद त्याच्यात नाही. तिथे न शोषणारा पूर्ण पोशाख, हातमोजे, मास्क, चष्मा आणि बूट हवेत, आणि ते मजुराला देणं ही काम सांगणाऱ्याची आणि औषध विकणाऱ्याची जबाबदारी आहे. संरक्षणाचा खर्च वाचवण्यासाठी जुनं कापड पुढे करणं, ही त्या कापडाची आणि माणसाची दोघांची विटंबना आहे.

मग आठवण जपायची कशी? एक वाट संग्रहालयाची आहे. जपानच्या उत्तरेला आओमोरी प्रांतात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथल्या शेतकऱ्यांकडे दक्षिणेतून जहाजानं आलेल्या सुती चिंध्याच पोचत. त्या एकावर एक टाचून केलेल्या निळ्या कपड्यांना तिकडे 'बोरो' म्हणतात. पुढे हे कपडे जवळ असणं लोकांना लाजिरवाणं वाटू लागलं. तानाका चूझाबुरो या अभ्यासकानं दारोदार जाऊन ते गोळा केले, म्हणून आज ते जगभर पाहिले जातात. त्यांच्या संग्रहाचं संग्रहालय २००९ ते २०१९ टोकियोच्या आसाकुसा भागात होतं. ज्यांच्याकडे कापूस उगवत नव्हता, त्यांनी चिंधीचंही मोल जाणलं. आपल्या दाराशी कापसाचे ढीग असतात आणि आजीची वाकळ आपण गाडी पुसायला काढतो.

आपल्याकडे असं जपण्याजोगं थोडं नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागातल्या तांड्यांवर वयस्क बंजारा स्त्रियांच्या अंगावर अजून फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) दिसते. आरसे, कवड्या, रंगीत दोऱ्यांचं दाट भरतकाम, एकेका कपड्यामागे महिनोन्महिने घातलेली नजर. पुढच्या पिढीनं साडी आणि ड्रेस पत्करला, तो तिचा अधिकार आहे. खंत आहे ती वेगळीच. ते जुने कपडे व्यापाऱ्यांच्या हाती जातात, त्यांचे तुकडे कापले जातात आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांत उशांचे अभ्रे नि पिशव्या होऊन विकले जातात. कोणत्या बाईनं, कोणत्या तांड्यावर, कोणाच्या लग्नासाठी ते शिवलं, हे सांगणारं त्यासोबत काहीच जात नाही. कापड उरतं, माणूस पुसला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी वेचणीचे कपडे, वाकळी, लुगडी, फेटिया यांचा एक संग्रह उभा राहिला आणि प्रत्येक वस्तूसोबत ती वापरणाऱ्या बाईची हकिगत तिच्याच शब्दांत नोंदली गेली, तर ते काम कोणत्याही पुतळ्यापेक्षा मोलाचं होईल.

पण संग्रहालय हा पुढचा उपाय झाला. घरातली वाट याहून सोपी आहे आणि ती वेचणीच्या बायांनी दाखवलेली आहे. माणूस गेल्यावर त्याचे सगळे कपडे वाटून टाकायचे, नाहीतर सगळे बंद पेटीत घालून डांबराच्या गोळ्या टाकायच्या, ही दोन्ही टोकं आपण गाठतो. वाटून टाकले तर घरात त्याचं काही उरत नाही. पेटीत ठेवले तर कसर लागते, वास बदलतो आणि दहा वर्षांनी पेटी उघडणाऱ्या नातवाला त्या गाठोड्याचा अर्थही लागत नाही. वस्तू मोह वाढवतात असं म्हणणाऱ्यांचं मला एवढं पटतं की न वापरलेली वस्तू नुसतंच ओझं होते. गीतेनं आत्मा देह सोडतो ते जुनी वस्त्रं टाकण्याच्या उपमेनं सांगितलं. आत्म्याचं ते असेलही, मागे राहिलेल्या माणसांना मात्र जुनं वस्त्रच आधार देतं. बापाचा स्वेटर मुलानं पहाटे पाणी द्यायला जाताना घातला, आईचं पातळ सुनेनं बाळाखाली अंथरलं, तर त्या कपड्याचं नाव रोज घेतलं जातं. तो झिजेल, एक दिवस फाटून संपेल. संपू द्यावा. तोवर त्यानं पुढच्या पिढीच्या अंगाला आपली ओळख करून दिलेली असते.

म्हणून वाचकांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी कपाट आवराल तेव्हा आपलं एक जुनं सुती कापड टाकू नका, जपूनही ठेवू नका; वापरायला काढा. घरातल्या मुलांना ते कोणाचं, कधीचं, कुठल्या कामातलं, हे सांगा. दुसऱ्याला द्याल ते आपण घालू शकू असंच द्या. फवारणीला जाणाऱ्याच्या अंगावर घरचा शर्ट दिसला तर त्याला थांबवा आणि काम सांगणाऱ्याला जाब विचारा. आणि कापसाच्या भावाची चर्चा निघेल तेव्हा हेही विचारा की, ज्यानं कापूस पिकवला त्याच्या घरात सुती शर्ट जुना होण्याइतका काळ नांदतो का. आपलं जुनं आपण घालण्यात कसलाच कमीपणा नाही. ज्याच्याकडे स्वतःचं जुनं होऊ देण्याजोगं काहीच नाही, त्याच्या अंगावर आपलं फाटकं टाकून मोकळं होण्यात मात्र आहे, आणि तो त्याचा नाही, आपला आहे.